दोन्ही बाजूंना समज देण्यात आली

प्रज्ञा,

बावड्याला तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसलो होतो. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं, जलदान झालं आणि मग माईक फिरायला लागला. तुझ्या शाळेतल्या बाई बोलल्या. गावच्या दूध संस्थेचे चेअरमन बोलले. मग कुणीतरी म्हणालं, "वडगाव निंबाळकरचे जगताप डॉक्टर आलेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी उठलो. तू किती कष्टाळू होतीस, उन्हातान्हात वस्त्यावस्त्यांवर कशी जायचीस, मुक्या जनावरांवर तुझा किती जीव होता, असं सगळं बोललो. एकही शब्द खोटा नव्हता. तरी जे बोलायला हवं होतं, त्याच्या आसपाससुद्धा मी गेलो नव्हतो. तुझ्या फोटोला पांढऱ्या फुलांचा हार होता. फोटो आपल्या पशुवैद्यक संघटनेच्याच परिषदेतला होता. ओळखपत्राची निळी फीत तुझ्या गळ्यात अर्धी दिसत होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बारामतीला यंदाची परिषदही होऊन गेली. तिथं काय झालं ते तुला सांगायचंय. पण ते नुसतं सांगून भागणार नाही, आधीचंही सांगावं लागेल. तुला सगळं ठाऊक आहे. मीच ते कधी स्वतःच्या तोंडानं उच्चारलेलं नाही.

पहिली दोन वर्षं मी तुला 'मॅडम' म्हणायचो आणि 'तुम्ही'. तुझा दवाखाना इंदापूर तालुक्यात, माझा बारामतीत. अवघड केस आली की एकमेकांना फोन करायचा, एवढीच ओळख. मग ती गाय अडल्याची केस आली. पहिलारू गाय, पहिलंच वेत, वासराची मान मागं वळलेली. मी दीड तास खटपट करून हात टेकले होते. तू आलीस तेव्हा गायीचा मालक, ते म्हातारे पवार, माझ्याकडं बघून म्हणाले, "आवो डॉक्टर, ही पोरगी काय काढनार? आमी समदी मिळून वढतूय तरी निघंना."

तू बाही वर करत म्हणालीस, "आजोबा, ओढून निघायचं असतं तर निघालं असतं. माझा हात बारीक आहे, बघू द्या तरी."

वीस मिनिटांनी वासरू जमिनीवर होतं आणि तू त्याच्या नाकातला चिकटा काढत होतीस. खांद्यापर्यंत बरबटलेली. मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही कमाल केलीत." तू हसलीस आणि म्हणालीस, "सर, ह्या अवतारातल्या माणसाला तुम्ही-बिम्ही नका म्हणू. प्रज्ञा म्हणा." तेव्हापासून प्रज्ञा. त्या पवारांनी नंतर मला कधी बोलावलं नाही. दरवेळी माझ्या दवाखान्यात फोन करून सांगायचे, "डॉक्टरीणबाईस्नीच पाठवा."

आणखी एक गोष्ट तू विसरली असशील, मी नाही विसरलो. निमगावच्या एका बागायतदाराची म्हैस चारा सोडून बसली होती. मी अपचन म्हणून चार दिवस औषधं देत होतो. तू सहज सोबत आली होतीस. तिचा श्वास बघितलास, कोपरं बाहेर काढून ती कशी उभी आहे ते बघितलंस, आणि तुला कळलं की पोटात तार गेलीय. मालक शेजारी उभा होता. तू एवढंच म्हणालीस, "सर, तुम्ही मघाशी म्हणालात तसं तारेचंही बघून घेऊ या का?" मी मघाशी तसं काहीच म्हणालो नव्हतो. म्हैस वाचली, आणि त्या माणसाच्या नजरेत मीच हुशार ठरलो. गाडीत बसल्यावर मी आभार मानायला लागलो तर तू विषय बदललास. चारचौघांत माझी लाज राखायचं तुला इतकं सहज सुचलं. मला तुझ्या बाबतीत ते एकदाही सुचलं नाही.

इंदापूरला आपली परिषद भरली होती, त्या दुपारचा प्रसंग. हायवेवरच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर पोस्टर लावली होती. गाईंना दगडी, म्हणजे कासेचा आजार, होते त्यावर तुझं पोस्टर होतं, बावडा आणि आसपासच्या गोठ्यांतून दोन वर्षं फिरून केलेलं काम. मोठे सर तिथं आले. त्यांचं नाव मी इथंही लिहीत नाहीये. यावरूनही तू भांडली असतीस. संघटनेतल्या निम्म्या लोकांना त्यांनी कॉलेजात शिकवलेलं, त्यामुळं सगळे त्यांना 'मोठे सर'च म्हणतात. ते फोटो बघायला वाकले आणि तुझ्या पाठीवर हात ठेवला. हात खाली सरकला. तू बाजूला झालीस. ते दुसऱ्या बाजूनं आले आणि हात परत तिथंच. तू तो धरून बाजूला केलास तेव्हा ते हसून म्हणाले, "अगं, आम्ही घडवलंय तुला. परक्यासारखं काय करतेस?"

आम्ही चौघं जण होतो तिथं. दोघं हसले. एक निघून गेला. मी तुझं पोस्टर वाचायला लागलो.

संध्याकाळी पार्किंगमध्ये चहाचा कप हातात घेऊन तू माझ्यासमोर उभी राहिलीस.

"तुम्ही पाहिलंत ना, सर?"

"पाहिलं."

"मग?"

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी महिलांची पोस्टर आपण वेगळ्या खोलीत लावू. तिथं मी आपला एक माणूस उभा करतो."

"म्हणजे आम्हालाच हलवणार."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. आज मी बाजूला झाले. पुढच्या वर्षी तुम्ही आम्हाला वेगळ्या खोलीत न्याल. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाल, मुक्कामाला येऊ नका. त्यांना कुणी हलवणार आहे का?"

हा वाद आपण पुढं चार वर्षं घातला. गाडीत घातला, फोनवर घातला, लसीकरणाच्या कॅम्पमध्ये सिरिंज भरता भरता घातला. माझं म्हणणं ठरलेलं होतं. खेड्यातल्या डॉक्टरला नवीन काही कळायला वर्षातून ही एकच जागा. मोठे सर रुसले तर वक्ते येणार नाहीत, सभागृह मिळणार नाही, परिषद मोडेल. तू म्हणायचीस, "मग त्या परिषदेत आम्ही कशासाठी यायचं? गुच्छ द्यायला?" मी म्हणायचो, जरा दमानं घेऊ. तू म्हणायचीस, दम कुणाला लागतोय ते बघा.

एकदा मी फार भावनेच्या भरात म्हणालो होतो की माझ्या मुलीच्या बाबतीत असं झालं असतं तर मी गप्प बसलो नसतो. तू गाडीच्या काचेतून बाहेर बघत होतीस. म्हणालीस, "तुमची मुलगी असती तर, हे मी कधी म्हणणार नाही तुम्हाला. मी तुमची कोणी असायची काय गरज आहे?"  

तू लेखी तक्रार केलीस. कॉलेज म्हणालं, प्रकार परिषदेत घडला, आमच्या आवारात नाही. संघटना म्हणाली, ते आमचे नोकर नाहीत, पाहुणे आहेत. हॉटेलवाल्याचा तर प्रश्नच नव्हता. कार्यकारिणीच्या बैठकीत एक जण म्हणाले की हे काही ऑफिस नाही, इथं कसली चौकशी. तू म्हणालीस, "मी ऑफिसच्या कामालाच आले होते. रजा टाकून लग्नाला नव्हते आले." मग कोपऱ्यातून आवाज आला, "ह्यांना एक तर सगळं लवकर मिळतं, आणि वर तक्रारीची सवय." ह्यांना म्हणजे कुणाला, ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. तू माझ्याकडं पाहिलंस. मी सचिव म्हणून इतिवृत्त लिहीत होतो. मी मान वर केली नाही. ते वाक्य मी इतिवृत्तात घेतलं नाही आणि घरी जाताना मला वाटत होतं की मी तुझी बाजू सांभाळली.

तू मात्र थांबली नाहीस. एका पानावर आठ ओळी लिहून आणल्यास. साध्या मराठीत, आपल्या कंपाउंडरलाही कळतील अशा. विचारल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. कामाच्या नावाखाली कुणाला खोलीवर बोलवायचं नाही. कुणाच्या रूपावर, जातीवर, कपड्यांवर मंचावरून विनोद करायचे नाहीत. तक्रार कुणाकडं करायची त्या तिघांची नावं आणि नंबर दाराशीच लावायचे. आणि शेवटची ओळ: ज्यानं त्रास दिला त्याला बाहेर जायला सांगायचं, जिला झाला तिला नाही. उद्घाटनाच्या वेळी, दीपप्रज्वलनाच्या आधी, हे पान मोठ्यानं वाचायचं, एवढीच तुझी मागणी.

पहिल्या वर्षी ते पान स्मरणिकेत छापलं, शेवटच्या पानावर, पशुखाद्याच्या जाहिरातीखाली. दुसऱ्या वर्षी सूत्रसंचालकानं मंचावरून सांगितलं, "मंडळी, प्रज्ञा मॅडमचा कायदा लागू आहे बरं का, हात खिशात ठेवा." सभागृह हसलं. मोठे सर सगळ्यात जास्त हसले. तू तेव्हा मधल्या रांगेत होतीस. तू उठून गेली नाहीस. वही उघडून पुढच्या व्याख्यानाची तारीख आणि विषय लिहिलास. ते बघून मला बरं वाटलं होतं. मला वाटलं, चला, तिनं फारसं मनावर घेतलं नाही.

तुझ्या आग्रहामुळं तक्रार समिती झाली. मी, तू आणि एक ज्येष्ठ सदस्य. आपल्यापुढं एकच तक्रार आली. ती ऋतुजाची.

ऋतुजा तेव्हा नुकतीच डॉक्टर म्हणून नोकरीला लागली होती. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी सुप्याकडं एका शेळीपालन प्रकल्पावर सगळ्यांना न्यायचं होतं. पाच गाड्या होत्या. कोण कुठल्या गाडीत बसणार ती यादी मी करत होतो. मोठे सर नाश्त्याच्या वेळी माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "ती नवीन मुलगी आहे ना, शेळ्यांवर काम करायचंय म्हणते. तिला माझ्या गाडीत द्या, जाताना विषय समजावतो." मला कळलं होतं. पुढं कधीतरी मी तुला म्हणालो होतो की मला कळलं नव्हतं. प्रज्ञा, मला कळलं होतं. हातातला पेन क्षणभर थांबला होता. मग मी तिचं नाव पहिल्या गाडीखाली लिहिलं.

परत येताना ती तुझ्या गाडीत बसली. सुप्यापासून बारामतीपर्यंत एक शब्द बोलली नाही, असं तू सांगितलंस. दुपारी तू माझ्याकडं आलीस. हातात ती यादी होती, कुणीतरी गाडीत टाकून दिलेली. तू चिडशील, ओरडशील असं वाटलं होतं. तू यादी टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, "हे अक्षर तुमचं आहे, सर."

चौकशीच्या दिवशी ऋतुजा आली तेव्हा सोबत तिची आई होती. आईला आपण बाहेर बसवलं. मुलीनं सगळं सांगितलं, मान खाली घालून पण नीट, क्रमानं. गुडघ्यावर हात, मग मांडीवर, ड्रायव्हरनं आरसा फिरवला, सुपे येईपर्यंत. आपल्या ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "मग तू गाडीतून उतरली का नाहीस?"

ती म्हणाली, "गाडी चालू होती, सर."

यानंतर अहवालात काय लिहायचं यावर खरं तर प्रश्नच नव्हता. तरी दोन बैठका झाल्या. अध्यक्षांचे मला रोज फोन. मोठ्या सरांची निवृत्ती जवळ आलीय, सत्कार ठरलाय, त्यांचं नातं अमक्यांशी आहे, त्या ऋतुजाचंही लग्न व्हायचंय, तिच्याच भल्याचं बघा. शेवटी अहवाल झाला. 'सदर प्रकार गैरसमजातून घडल्याचे दिसून येते. दोन्ही बाजूंना समज देण्यात आली.' ज्येष्ठ सदस्यांनी सही केली. मी केली. तू कागद वाचलास, 'दोन्ही' या शब्दाखाली पेननं रेघ मारलीस आणि सही न करता माझ्याकडं सरकवलास. म्हणालीस, "हिला कसली समज दिली, तेवढं सांगा मला. मी तिला जाऊन सांगते." मी म्हणालो, "प्रज्ञा, दोघांविरुद्ध एक आहे, तुझ्या सहीनं काही बदलणार नाही." तू म्हणालीस, "तुमच्या सहीनं बदललं असतं."

ऋतुजानं नोकरी सोडली. आता पुण्यात एका पशुखाद्य कंपनीत टेबलावरचं काम करते. तिचा हात तुझ्यासारखाच बारीक होता. तिचं गोठ्यातलं काम मी एकदा पाहिलं होतं, म्हणून हे सांगतोय.

तू समिती सोडलीस. माझ्याशी बोलणं सोडलं नाहीस, पण घरी यायचं बंद झालं. आधी बारामतीला मीटिंग असली की परतीच्या वाटेवर तू वडगावला थांबायचीस, माझ्या बायकोच्या हातचा चहा घ्यायचीस, तिच्याकडून पालेभाजीच्या जुड्या घेऊन जायचीस. आता फोन यायचा तो कामापुरता. लाळ्या-खुरकुताची लस संपलीय, तुमच्याकडं आहे का. अमक्याची गाय तुमच्या हद्दीत विकली गेलीय, तिच्यावर लक्ष ठेवा. आठ महिने असंच. बायको विचारायची, प्रज्ञा का येत नाही. मी सांगायचो, काम वाढलंय तिचं.

तुझा शेवटचा फोन हॉस्पिटलमधून होता. डेंग्यू झालाय, चार दिवसांत घरी येईन म्हणालीस. पवारांच्या गायीला टाके घातले होते, ते काढायला मी जाईन का, असं विचारायला फोन केला होतास. मी हो म्हणालो.  मला म्हणायचं होतं की तो अहवाल मला परत लिहायचाय. खरंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तू बरी हो, मग निवांत बोलू." तू म्हणालीस, "हां, बोलू." टाके मी तिसऱ्या दिवशी काढले. म्हाताऱ्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई कशा हायत?" मी सांगितलं, बऱ्या आहेत. तोवर तू गेली होतीस, मला कळलं नव्हतं.

आता बारामतीच्या परिषदेचं.

अध्यक्षांचा फोन आला की तुझ्या वडिलांना बोलवायचं, उद्घाटनातच श्रद्धांजली घ्यायची आणि शाल-श्रीफळ द्यायचं. मला बरं वाटलं. मी विचारलं, कुणाच्या हस्ते. ते म्हणाले, "मोठ्या सरांच्या. गुरू ना तिचे."

"त्यांच्याच हस्ते?"

"मग कुणाच्या? आणि जगताप, आता मेलेल्या माणसाच्या नावानं जुनं उकरायचं नाही. बरं दिसत नाही."

मी म्हणालो, निदान तिचं ते पान तरी उद्घाटनात वाचू. तीच खरी श्रद्धांजली होईल. ते म्हणाले, शोकाच्या प्रसंगी वाद नकोत, पुढच्या वर्षी बघू. मी 'बरं' म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ अंगणात उभा राहिलो. समोर ऊस होता, पाणी चालू होतं. मला राग आला नव्हता, हे मला तुला खरं सांगायचंय. मला दमल्यासारखं वाटत होतं, आणि थोडं सुटल्यासारखंही. नाही म्हणायचा अधिकार असलेला माणूस नाही म्हणाला होता. म्हणजे आता माझ्यावर काही नव्हतं.

यंदाची स्मरणिका हातात आली तेव्हा मी शेवटचं पान उघडलं. तुझ्या आठ ओळी नव्हत्या. त्या जागी तुझा फोटो होता आणि खाली संघटनेची भावपूर्ण श्रद्धांजली.

तुझ्या वडिलांना, आबांना, आणायला मी स्वतः बावड्याला गेलो. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते दारात बसले होते. वाटेत एसटीतल्या नोकरीच्या गोष्टी सांगत होते, कुठल्या फाट्यावर कोण चढायचं, कंडक्टरनं कुणाशी कसं बोलावं. मध्येच म्हणाले, "पोरीनं बी तसंच नाव काढलं. कुटं बी जावा, वळखत्यात." बारामती येईपर्यंत तास-दीड तास वेळ होता माझ्याकडं. शाल कुणाच्या हातून मिळणार आहे ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांच्या गोष्टी ऐकत गाडी चालवत राहिलो.

दोन मिनिटं शांतता पाळायची होती. एक मिनिट व्हायच्या आत अध्यक्ष 'ओम शांती' म्हणाले आणि सगळे बसले. आबा उभेच होते, डोळे मिटून. त्यांच्या मनात त्यांचं काहीतरी चालू असावं. शेजारच्यानं खांद्याला हात लावून त्यांना बसवलं. मग मोठे सर बोलले. प्रज्ञा ही माझी लाडकी विद्यार्थिनी, थोडी तापट, पण मनानं निर्मळ. परिषदेत स्त्रियांना मान मिळावा म्हणून ती झटली, आणि आज आपण अभिमानानं सांगू शकतो की आपल्या संघटनेत त्याबाबत एकही तक्रार शिल्लक नाही. टाळ्या वाजल्या. मी मंचावर होतो. माझे हात मांडीवर होते, एवढंच. टाळ्या मी वाजवल्या नाहीत, पण कुणाला ते दिसलं असेल असं वाटत नाही.

आबा वर आले. मोठ्या सरांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, त्यांचे दोन्ही हात हातात धरले, फोटोसाठी थांबले.

जेवणाच्या वेळी आबा ताट न घेता भिंतीच्या कडेला उभे होते. मी जवळ गेलो.

"डॉक्टर, ते शाल देनारं सर. त्येच का?"

"कुठले, आबा?"

"पोरगी सांगायची त्ये."

तू घरी सांगितलं असशील असं मला कधी वाटलंच नव्हतं. काय म्हणून मी तसं धरून चाललो होतो कोण जाणे. मी म्हणालो, "होय, आबा."

ते जेवणाच्या रांगेकडं वळले. मग म्हणाले, "तुमाला ठावं हुतं, त्येंच्याच हातनं द्यायची हाय म्हून?"

"होय."

"मंग खालीच सांगायचं हुतं. म्या वर आलो नसतो."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. ते जेवले नाहीत. घरी सोडतो म्हणालो तर नको म्हणाले, इंदापूरची गाडी मिळंल, तिथनं दुसरी. मी त्यांना बारामतीच्या स्टँडवर नेलं. गाडी लागलेली होती. चढायच्या आधी ते वळून म्हणाले, "पोरगी तुमचं नाव घ्यायची लय. म्हनायची, जगताप सर वाईट न्हाईत." पुढं काही म्हणतील म्हणून मी थांबलो. त्यांनी दांडा धरला, चढले, आणि कंडक्टरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. शाल माझ्या गाडीत मागच्या सीटवर राहिली होती. विसरले की ठेवून गेले, ते मी विचारलं नाही. ती देण्यासाठी बावड्याला जायची माझी हिंमत नाही.

तू वाईट न्हाईत म्हणालीस, प्रज्ञा. एवढं सगळं पाहून तेवढं तरी माझ्यासाठी शिल्लक ठेवलंस. ते घेऊन मी काय करू ते मला कळत नाही. मी चांगला असतो तर त्या मुलीची नोकरी राहिली असती. वाईट असतो तर निदान तू माझ्यावर वेळ घालवला नसतास. माझ्यासारख्यांची तिथं सगळ्यात जास्त गर्दी आहे, आणि मोठे सर त्या गर्दीच्याच आधारानं उभे आहेत. हे तू मला पार्किंगमधल्या पहिल्या दिवशीच सांगत होतीस. आता मला ते समजलंय, आणि समजूनही काही होत नाही, हेही समजलंय.

स्टँडवरून मी कुठंतरी निघून गेलो असतो तर निदान इथं तसं लिहिता आलं असतं. मी परत सभागृहात गेलो. समारोपाचं आभारप्रदर्शन माझ्याकडं होतं. अध्यक्षांनी नावं क्रमानं लिहून दिली होती. पहिलं मोठ्या सरांचं होतं. ते मी घेतलं. पहिल्या रांगेत बसून त्यांनी हात जोडले. मग वक्ते, मग सभागृहवाले, मंडपवाले, जेवणवाले. स्वागताला गुच्छ घेऊन उभ्या होत्या त्या मुलींची नावंही यादीत होती, आपल्याच डॉक्टर मुली. त्यातली एक नुकतीच इंदापूर तालुक्यात रुजू झालीय, तुझ्या दवाखान्यात, तुझ्या जागेवर. मी तिचं नाव वाचलं तशी ती कडेला उभी राहिली, नमस्कार केला. मोठ्या सरांनी मागं वळून तिला पाहिलं, हातानं जवळ बोलावलं आणि शेजारची रिकामी खुर्ची थोपटली.

तिनं एकदा मंचाकडं पाहिलं. माईक माझ्या हातात होता. सभागृह भरलेलं होतं. ती गेली आणि त्या खुर्चीवर बसली.

मी पुढचं नाव वाचलं.